रांगेत राहिलेला हुकूम

त्या वर्षी मी घरून काम करायचो, म्हणजे वालूरजवळच्या आमच्या गावातून. कंपनी विहिरीवरची मोटार फोनवरून चालू-बंद करणारा डबा बनवत होती. डब्यातल्या चिपवर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चालायची. फोन आणि डबा यांच्यातलं बोलणं सांभाळणारं कोड, म्हणजे ब्लूटूथचा स्टॅक, माझ्याकडं होतं. तपासणीही मीच करायचो.

विहीर लांब, म्हणून एक डबा मी गोठ्यातल्या कडबा कापायच्या कुट्टी यंत्राला जोडला. थोरला भाऊ हसला. "आज फोननं कुट्टी करायलाय, उद्या म्हशीचं दूध बी फोननंच काढ म्हणशील!"

तपासताना एकदा मला विचित्र दिसलं होतं. 'चालू'चा हुकूम डब्यात पोचला, पण तो पुरा व्हायच्या आत जोडणी तुटली. पुन्हा जोडणी होताच मोटार आपोआप सुरू झाली. जुना हुकूम रांगेतच राहिला होता. जोडणी तुटली की रांग पुसायची, एवढंच मला करायचं होतं. आधी मी तोच बिघाड पुन्हा घडवून पाहिला. घडला नाही. परत पाहिलं, तरी नाही. तक्त्यात 'पास' लिहिलं आणि जेवायला उठलो.

पुढं एका सकाळी दादानं अंगणाच्या टोकावरून 'चालू' दाबलं. कुट्टी हलली नाही. "डबा झोपला काय रं तुझा?" असं ओरडून तो फोन खिशात टाकून गोठ्यात गेला. कडबा अडकला असंल म्हणून त्यानं हात घातला. फोन डब्याजवळ आला, जोडणी झाली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

परभणीच्या दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येकजण एकच म्हणायचा, "आधी मेन स्विच पाडायचा ना!" मीही म्हणालो, "दादा, मेन पाडायला पाहिजे होता." तो म्हणाला, "हाव, माझंच चुकलं." त्याच आठवड्यात मी रांग पुसणारी ओळ कोडमध्ये घातली. टिपण लिहिलं: किरकोळ सुधारणा.

तेव्हापासून गावात कुणी कुट्टी घेतली की दादा स्वतःहून तिथं जातो, हात दाखवतो. "मेन पाडल्याबिगर हात घालू नका, माझ्यावाणी येडेपणा करू नका." लोक हसतात, तोही हसतो. मी शेजारी उभा असतो.

गेल्या दिवाळीत ओसरीवर त्याला सगळं सांगितलं.

"तुला आधी दिसलं व्हतं?"

"एकदा."

"मग मी इतके दिस लोकांला काय सांगायलोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो, तर डबा भिंतीवरून काढलेला होता. मेन पाडलेला. वायरींची टोकं त्यानं, उरलेल्या बोटांनी, एकेक करून टेप लावून झाकली होती.