काकूंचं उसनं

संध्याकाळी पदराने चष्मा पुसून काकू आपल्या विजेच्या मीटरपुढे वाकायच्या आणि कुंपणावरून मला सांगायच्या, "आज चांगलं देलं आपल्या घरानं."

लोहाऱ्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या या काकू कापूस खरेदी केंद्रातून निवृत्त झालेल्या. छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या तेव्हा मिस्त्रीने समजावलं, दिवसा उरलेली वीज तारेतून बाहेर जाईल, रात्री लागेल तेवढी परत घ्यायची. काकूंनी ते एका शब्दात आटोपलं.

"म्हंजे उसनं."

वाटीभर साखर नेली तर शीग लावून परत करणारी बाई तुमच्याही शेजारी असेल. काकू त्यातल्याच. घर जितकं घेतं तितकं त्याने दिलंच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. आमच्या शेवग्याची सावली प्लेटांवर गेली की हाक यायची, "भाऊ, तुमचा शेवगा माह्यं ऊन खाऊन राह्यला." मी फांदी छाटायचो. शेंगा मात्र त्याच न्यायच्या.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी मुकुटबनहून त्यांच्या बहिणीचं अख्खं घर राहायला आलं. उन्हाळाभर कूलर, पंखे, टीव्ही सगळं सुरू. काकूंचं घर पहिल्यांदाच देण्यापेक्षा जास्त घ्यायला लागलं. आता त्या कूलर बंद करतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी बहिणीसाठी आणखी एक पंखा आणला.

"काकू, आता उसनं कसं फिटणार?" मी चिडवलं.

"फिटते न जी. यंदा आपल्यावर घ्याची पाळी आली. घेता बी आलं पाह्यजे माणसाले."

पेरणीला मंडळी गावी परतली आणि काकू फेडायला लागल्या. भर दुपारी स्वतःचा पंखा बंद करून त्या आमच्याकडे येऊन बसायच्या. म्हणजे त्यांचं उसनं आमच्या पंख्याखाली फिटत होतं. हे त्यांच्या लक्षात कधी आलं नाही आणि मीही येऊ दिलं नाही. त्या येऊन बसल्या की घर भरल्यासारखं वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर काकू गेल्या. मीटर बरोबरीला यायला थोडंच राहिलं होतं. मला त्याचीच हळहळ जास्त वाटली.

घर आता कुलूपबंद आहे. प्लेटा मी पुसतो, शेवगा न विसरता छाटतो. संध्याकाळी कुंपणापलीकडे जाऊन मीटरपुढे वाकतो. उसनं केव्हाच फिटलं. घर अजून रोज देतंय, आणि घ्यायला कोणी नाही.