मनाच्या बाई

मनाच्या बाईंना कुणी ठणकावून ‘नाही’ म्हटलं की त्या खुर्ची जवळ ओढायच्या. पुण्यात मानसोपचार करण्यात त्यांची हयात गेली. कोरोनात त्या खोडदला माहेरी आल्या आणि गावानं त्यांना हे नाव ठेवलं. आमच्याकडे आकाशाचं ऐकायला मोठाल्या रेडिओ दुर्बिणी आहेत; माणसाचं ऐकायला बाईच होत्या.

आल्या तेव्हा रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. पहाऱ्याला माझे वडील अण्णा आणि भाऊबंद. मास्क एकाच्याही तोंडाला नाही. गाडी अडवली म्हणून बाई चिडल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, “भीती स्वतःजवळ ठेवणं जड जातं रे. ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर टाकली, की आपल्याला मास्क कशाला लागतोय?”

किराणा दुकानदाराचा मास्क कायम हनुवटीवर. “सरकार कोन आमाला सांगनार?” म्हणायचा. बाईंनी तेल मागता मागता विचारलं, “लहानपणी घरात हुकूम कोणाचा चालायचा?” गडी वडिलांबद्दल जो बोलत सुटला तो तेल द्यायचंच विसरला. मास्क काही वर गेला नाही. आपलं औषध लगेच लागू पडतं, असा बाईंचाही दावा नव्हता.

दुसऱ्या लाटेत माझी आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तिचं तोंडही पाहता आलं नाही. पुढे लस घ्यायची म्हटल्यावर अण्णांनी साफ नकार दिला, आणि त्यांना तर दमा. आम्ही समजावलं, भांडलो, बहिणीनं शपथा घातल्या. आता अण्णाही जातील या धास्तीनं मला झोप लागेना. शेवटी मी बाईंना बोलावलं.

त्यांनी लसीचं नावच काढलं नाही. आई भाकरी कशी थापायची, कशावरून हसायची, हेच विचारत बसल्या. बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, “ती जायाला नको म्हनत व्हती. मीच गाडीत घातली तिला.”

“म्हणून स्वतःला शिक्षा देताय,” बाई हळूच म्हणाल्या. “किती दिवस द्यायची ठरवलीय, अण्णा?”

अण्णा उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, बाईंनी होतं नव्हतं ते बिघडवलं. “त्यांना बसू दे एकटं,” एवढंच बोलून त्या निघाल्या. त्याच आठवड्यात त्या पुण्याला परतल्या. त्यांना एसटीत मीच बसवून आलो.

थोड्याच दिवसांनी सकाळी अण्णा म्हणाले, “गाडी काढ.” लसीच्या खोलीत त्यांनी बाही वर सारली आणि ते हमसून रडू लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

सिस्टर गांगरली. “आजोबा, अजून टोचलंच नाही मी.”

“म्हाईत हाय, पोरी,” अण्णा म्हणाले. “तू टोच.”