पोळपाटावरची गोळी

मंडळी, घरून थेट सायबर कॅफेत येऊन लिहितेय, कारण डोकं अजून ठिकाणावर नाही.

माझं काम तुम्हाला माहीत आहेच. समुद्री शेवाळातला गोंद आणि एक कृत्रिम पॉलिमर मिसळून मी जेल बनवते. पोटातल्या आम्लात ते आकसतं आणि औषध धरून ठेवतं. पुढे आतड्यात आम्ल नसतं, तिथे ते फुगतं आणि औषध सोडतं.

पप्पा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये आहेत. छपाईच्या रंगात हाच गोंद घालतात, म्हणून ते मला चिडवतात, "एवढं शिकून आमचंच काम करतेस!" त्यांचे गुडघे दुखतात. साध्या गोळीने पोटात जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी थेट आतड्यात विरघळणारी गोळी दिली. तरी जळजळ थांबेना. मी डॉक्टरांनाच नावं ठेवत होते.

आज कोसाडला घरी गेले, तर आई तीच गोळी पोळपाटावर लाटण्याने रगडत होती. पूड गुळात कालवून तिने पप्पांना दिली.

"अगं आई, हे काय?"

"मोठी गोयी शे, त्यास्ना घसामा अटकस. बारीक करी दिधी का लवकर लागू पडस."

मी तिला समजावलं, की गोळीवरचं आवरण तिला पोटात विरघळू देत नाही; रगडलं की ते फुटतं आणि औषध पोटातच सुटून जळजळ होते. ती लाटणं पुसत म्हणाली, "तू हाईच शिकस ना? मंग आमले का नही सांगं?"

माझं जेल मी आम्लात घालून तपासते. लाटण्याखाली कधीच घातलं नव्हतं.

तुमच्या घरी गोळ्या नक्की कशा घेतात, कुणी पाहिलंय?