तणाव : आहे / नाही

चहाचा घोट घेत कुणी ‘सरकार गरिबांसाठी करतं तरी काय?’ असं विचारलं, की माझं डोकं फिरतं. जालन्यातल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात मी दोन वर्षं फुकट राहिले, फुकट जेवले. गादी, पुस्तकं, अंघोळीचा साबणसुद्धा मिळायचा. ते नसतं, तर तीर्थपुरीजवळच्या खेड्यातून अकरावी सायन्सला मी कुठली येते? आज मी कॉलेजात शिकवते, ती त्या वसतिगृहाच्या जिवावर.

अजूनही ते दिवस आठवले की आधी स्वयंपाकघर आठवतं. तिथं आमची स्वयंपाकीण खाला होती. जुन्या जालन्यात राहायची, घरी उर्दू बोलायची आणि आमच्याशी मराठी-उर्दूची मिसळ. तिचा एक नियम होता. रुसलेली, रडलेली, घराची आठवण आलेली मुलगी दिसली की तिला समोर बसवून भाजी निवडायला लावायची. विचारायची काहीच नाही. मेथीची जुडी संपेपर्यंत मुलगी आपोआप बोलायला लागे. किती जणींची प्रेमप्रकरणं त्या मेथीत निवडून निघाली, देव जाणे.

मी बारावीला गेले त्या वर्षी वरून पत्र आलं, की विद्यार्थिनींच्या मानसिक आरोग्याची नोंद ठेवा. हेतू चांगलाच होता. आमच्या गृहपाल मॅडम टापटिपीच्या. त्यांनी पट्टीनं रेघा मारून नोंदवही आखली: क्रमांक, नाव, ‘तणाव : आहे / नाही’, सही. आणि ती कधी फिरवावी? जेवणाच्या रांगेत! माझा क्रमांक पहिला. मागच्या दोघी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, पुढं वरण निवत होतं. मी ‘नाही’ लिहिलं आणि ताट उचललं. माझ्या खाली सगळ्या मुलींनी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. मॅडमनी समाधानानं शिक्का मारला.

खरं तर तेव्हा माझ्याइतकी वाईट अवस्था कुणाचीच नसेल. दहावीला गावात पहिली आलेली मी, बारावीच्या पहिल्याच चाचणीत तीन विषयांत नापास झाले होते. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, पण डोक्यात शिरायची नाहीत. घास उतरायचा नाही. मला सगळं सोडून घरी जायचं होतं, आणि तेच कुणाला सांगता येत नव्हतं. फुकट मिळालेली जागा सोडणारी पोर कृतघ्नच म्हणायची, असं मीच मला बजावत होते.

खालानं ओळखलं. एका दुपारी तिनं मला मेथीसमोर बसवलं, आणि त्या दिवशी स्वतःचा नियम मोडून विचारलं, “काय झालं गं बेटी? चार दिवसांपासून बघून राह्यले, अर्धी भाकर खाती न् उठती. हे बिलकुल बराबर न्हाई.”

मी नुसती रडले. सरकारी दवाखान्यातून समुपदेशक ताई महिन्यातून एकदा यायच्या आणि ऑफिसात एकट्याच बसून परत जायच्या, कारण त्या खोलीत जाताना सगळं वसतिगृह बघायचं. त्या महिन्यात खालानं त्यांना सरळ स्वयंपाकघरात आणलं. ताई तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या आणि माझ्याबरोबर भाजी निवडू लागल्या. मी म्हटलं, मला घरी जायचंय. त्यांनी विचारलं, “हे आईला माहीत आहे?” नव्हतं. त्यांच्याच फोनवरून मी आईला फोन लावला. माय सगळं ऐकून “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, झालं, आता ती मला समजवायला येणार.

दुसऱ्या दिवशी ती आली. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर ती फुलाला फूल लावून हातानं परागीकरण करायच्या कामावर जायची. त्या दिवसांत एकही खाडा चालत नसे, तरी आली. पायरीवर टेकली आणि म्हणाली, “काय म्हणती पोरी?”

“माय, मला इथं राहावं वाटंना.”

“मंग चल की.”

“अन् अभ्यास?”

“अभ्यास कुठं पळून चाललाय? औंदा न्हाई तर पुढच्या वर्षी.”

“लोक काय म्हणतील?”

“तू काय लोकायच्या पोटची हायस का?”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. मग खालानं दोघींना जेवायला वाढलं आणि कितीतरी दिवसांनी मी अख्खी भाकरी खाल्ली. जेवता जेवता मीच म्हटलं, “चाचणी अजून एक हाय. तेवढी देऊन बघते.” ती म्हणाली, “बघ. न्हाई जमलं तर फोन कर, जल्दी येते.”

पुढं ताईंशी मी वर्षभर बोलत राहिले. बारावी सुटले, फार थोर मार्कांनी नव्हे, पण सुटले.

माय आली त्या दिवशी तिला बसपर्यंत पोचवायला गेले. आमच्या घरी लग्नकार्याला जाताना निघायची ती मोठी थैली घडी करून तिनं काखेत धरली होती. मी म्हटलं, “ही कशाला आणलीस?”

“तुझं सामान न्यायला,” ती म्हणाली, आणि रिकामी थैली घेऊन बसमध्ये चढली.