अक्षर सुंदर आहे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, विभागातल्या एकाही माणसाजवळ नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. निवृत्तीला चार महिने उरलेत, तब्येत ठणठणीत आहे, कुणी मागे लागलेलं नाही. मग आत्ताच का? — खरं सांगू? गेल्या आठवड्यात मी पुन्हा तेच व्याख्यान दिलं, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. क्लिनिकल सायकॉलॉजी घेतलेल्या मुलांचा पहिला तास वर्षानुवर्षं माझाच. मी विचारतो, लोकांची मनं वाचायला कोण कोण आलंय? निम्मे हात वर जातात. मग मी म्हणतो, त्यासाठी बाहेर फूटपाथवर पोपटवाला बसतो, तिथे हजेरीची अटसुद्धा नाही. हशा. तो ओसरला की आवाज खाली आणून सांगतो — आपण मन वाचत नाही. समोरचा जे सांगतो ते पूर्ण ऐकतो, एवढंच आपलं काम. पोरं मोबाइलवर रेकॉर्ड करतात. दुसऱ्या वर्गातली मुलं मागे येऊन उभी राहतात. मी स्वतः आयुष्यात एकही रुग्ण तपासलेला नाही, हे कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पण माझी कबुली ही नव्हे. ही असती तर किती बरं झालं असतं.

आधी जर्नलचं, म्हणजे मुलांच्या प्रयोगवहीचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रात्यक्षिकाला दोघादोघांच्या जोड्या असतात. एकानं दुसऱ्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची, गुण काढायचे, आणि शेवटी ज्यानं उत्तरं दिली त्याचं मनोगत लिहायचं — प्रश्न सोडवताना काय वाटलं ते. प्रत्यक्षात सगळे एकच लिहितात: प्रयोग आवडला, थोडा कंटाळा आला. मी विद्यार्थी असताना हेच लिहिलं होतं. मग वाचायचं काय त्यात? महिन्याकाठी साठ जर्नलांचा गठ्ठा यायचा. चहा पीत, कुणाशी तरी गप्पा मारत मी लाल पेनानं सह्या ठोकायचो. मधूनच एखादा शेरा, तपासल्यासारखं दिसावं म्हणून. तुम्ही म्हणाल, सगळेच करतात. हो, करतात. मीही तेच म्हणून निर्धास्त होतो.

नऊ वर्षांपूर्वीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव बदलून प्रज्ञा म्हणतो. भंडाऱ्याकडची, वडील तहसील कचेरीत कारकून. त्यांच्या घरातून शिकायला पुण्यापर्यंत आलेली ती पहिलीच. तिसऱ्या बाकावर बसायची. उत्तर येत असूनही हात वर करायची नाही — की येतच नव्हतं? काय सांगू, मला तिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. अक्षर मात्र ओळखायचो. फार देखणं होतं.

परीक्षा आठ दिवसांवर असताना तिनं हॉस्टेलवर जीव दिला.

शोकसभेत मी बोललो. विषयच माझा, दुसरं कोण बोलणार? मी म्हणालो, काही वेळा कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. माना हलल्या. तोपर्यंत मलाही ते खरं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी तिचे वडील आले. दुपारची वेळ, विभागात मी एकटाच. हातात कापडी पिशवी, खुर्चीच्या कडेवर बसलेले. मला वाटलं, आता तक्रार करणार. पण ते माझीच माफी मागू लागले, मुलीमुळे कॉलेजला त्रास झाला म्हणून. मग हळूहळू बोलले. तिनं फोन करून मी घरी येते म्हटलं होतं. ऐन परीक्षेच्या तोंडावर. ते रागावले. परीक्षा दिल्याशिवाय इकडे यायचं नाही, म्हणाले. कुठल्या बापानं हे म्हटलेलं नाही? तिसऱ्या दिवशी ती गेली.

"माझ्यामुळेच झालं जी," ते म्हणाले. "तुम्ही यातले जाणकार. आधीपासून काही होतं का जी तिच्या मनात? तुमच्याजवळ काही बोलली होती का?"

मी नाही म्हणालो. अगदी हळुवार आवाजात, जसं शिकवतो तसं.

मग त्यांनी तिची एखादी वही मागितली. जर्नल आमच्याकडेच होतं. मी आतल्या खोलीत गेलो, कपाटातून ते काढलं, आणि देण्याआधी सहज चाळलं — एखादा चांगला शेरा सापडला तर त्यांना दाखवावा म्हणून. पाचवा प्रयोग उदासीनता मोजण्याचा होता. त्या दिवशी जोडीदार गैरहजर, म्हणून प्रश्नावली तिनं स्वतःच भरलेली. नियमात बसत नाही, पण चालवून घेतो आम्ही. गुण नीट काढलेले, तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या, म्हणजे तीव्र उदासीनतेच्या गटातले. आणि खाली मनोगत. एक ओळ नाही — पाऊण पान.

मला ते शब्दन् शब्द आठवतं, पण सगळं इथे लिहिणार नाही, ते माझं नाही. एवढंच सांगतो. ही उत्तरं खरी आहेत, असं तिनं लिहिलं होतं. कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं, असं लिहिलं होतं. दिवाळीपासून सकाळी उठावंसं वाटत नाही, आपण नसलेलं बरं असं रोज वाटतं. शेवटची ओळ होती: सर हे वाचतात का, मला माहीत नाही.

त्याखाली माझी सही होती. लाल शाईत, तारखेसकट. आणि सहीवर शेरा: अक्षर सुंदर आहे.

कपाटाला धरून उभा राहिलो. पुन्हा वाचलं, पुन्हा शेरा बघितला — हे हस्ताक्षर माझंच ना? कधी लिहिलं मी हे? कुणाशी गप्पा मारताना? मी मुलांना ऐकायला शिकवणारा माणूस!

आणि मग मी काय केलं? बाहेर तो माणूस बसला होता. ते पान हातात दिलं असतं तर त्याला कळलं असतं की त्याच्या एका रागावण्यानं हे झालेलं नाही, त्याची पोर कितीतरी आधीपासून बुडत होती. आणि तिनं हाक मारली होती ती मला.

मी ते पान फाडलं. शिवणीपासून, सावकाश. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून खोकलोसुद्धा. घडी करून खिशात घातलं आणि जर्नल दोन्ही हातांनी त्यांना दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं. माझे आभार मानले.

पान कोथरूडला घरी नेलं, बारीक तुकडे केले. आमच्या सोसायटीत कागद सुक्या कचऱ्यात टाकायचा असतो. मी ओल्यात टाकला, भाजीच्या देठांखाली, कारण सुका कचरा हातानं निवडतात, कुणी जुळवून वाचलं तर? पान वाचून हादरलो, ते तुम्ही समजून घ्याल. पण हादरलेल्या माणसाचं डोकं इतकं नीट चालतं का? माझं चाललं. त्यामुळे मला आजही स्वतःचीच भीती वाटते.

गेल्या आठवड्यात त्या टाळ्यांनंतर मी त्यांना फोन लावला. नंबर जुन्या प्रवेश अर्जावर होता. काय बोलायचं ते कागदावर उतरवून घेतलं होतं, नाहीतर धीर झाला नसता. फोन तिच्या आईनं उचलला. मी ओळख सांगितली. लगेच ओळखलं त्यांनी, प्रकृती विचारली. मी म्हणालो, साहेबांना देता का जरा?

"ते नाही बोलत जी फोनवर," त्या म्हणाल्या. "पोरगी गेली तेव्हापासून नाही. तिच्यावर फोनवरच रागावले होते ना."

मग त्यांनी विचारलं, काही काम होतं का. जर्नलमधल्या माझ्या सहीची तारीख ते रागावले त्या फोनच्या वीस दिवस आधीची होती. त्यांनाही सांगता आलं असतं. कागद समोर होता, पहिलं वाक्य वाचायचं बाकी होतं.

मी म्हणालो, काही नाही, सहज केला होता. त्या थांबल्या होत्या, मी अजून काही बोलेन म्हणून. फोन मी ठेवला.