तखतावरचं रेल्वे फाटक

आंधळगावात आमची आणि चंद्रभान कोष्ट्याची भिंत एकच. चार वर्षांखालचं त्यांचं भांडण मी ऐकायला गेले नव्हते, तेच माझ्याकडे चालत आलं.

"अजी, मंडईच्या जत्रेले पोरगी-जावाई येतीन. त्यायले काय रुळावर निजवू?" ही जानकीबाई, त्यांची बायको.

"रुळाले हात नोको लावू. फाटक व्हाचं आहे अजून."

"मंगळवारी मंडई. तवापर्यंत गाडी फाटकातून सुखरूप गेली त तखत तुमचं. नाही त सारं पोत्यात."

जन्मभर माग चालवून चंद्रभानभाऊ घरी बसले, आणि निजायच्या तखतावर त्यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा रूळ मांडला. फाटकाचे दांडे मागाच्या जुन्या फणीच्या काड्यांचे, लाल-पांढरे रंगवलेले. रस्ता मात्र पक्क्या विणकराचा: सुताला लावतात ती तांदळाची खळ, तिच्यात काजळी आणि चाळलेली रेती. असा हुबेहूब डांबरी, की मी पदर सावरला.

गाडी आली, रस्त्यावर चढली आणि आडवी झाली.

भाऊ सायकलीनं खऱ्या फाटकावर गेले. दोन तास उकिडवे बसून आले.

"वयनी, रुळाच्या आतून फट ठेवतेत. चाकाची कोर तिच्यातून जाते. साठ वर्षं ओलांडून राहिलो, दिसलीच नाही!"

काडीनं फट कोरली. सकाळी पाहतात तर अर्धा रस्ता उंदरांनी खाल्लेला. तांदूळच तो!

जानकीबाई पोतं घेऊनच आली. वाकून पाहिलं. "आता दिसून राहिला आपल्या गावचा रस्ता."

भाऊ रुसले. मग चष्मा लावून त्यांनीही पाहिलं. खड्डे तसेच ठेवले, रुळाजवळ तेवढी नवी खळ भरली, माझं ऐकून उंदीर लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घातलं. फट पुन्हा कोरली.

सोमवारी गाडी सुटली. जानकीबाई पोत्याचं तोंड उघडं धरून उभी. फाटकावर गाडी डुलली, भाऊंनी डोळे मिटले, आणि गाडी पार झाली. तिसऱ्या फेरीला पोतं खाली ठेवून ती म्हणाली, "फाटक बंद झालं म्हणून आपल्याकडे कोणी थांबते काय? एक सायकलवाला खालून वाकून जाताना दाखवा ना जी."

तखत राहिलं. पण जावयाला निजायला तर काही हवंच. ऊन उतरायच्या आत भाऊ माझ्या दारात, मंडईच्या आदल्या दिवशी दरवर्षी येतात तसे.

"वयनी, खाट."

"ढेकूण झटकून न्या."

"झटकाचे कायले?" ते हळूच म्हणाले. "ढेकूण राहिले त जावाई लवकर उठते."

आणि उलटी खाट डोक्यावर घेऊन, नेहमीप्रमाणे माझ्या चौकटीला ठोकून गेले.