आमचे नक्षलवादी गुरुजी

कोणी मोठा शब्द वापरला की गुरुजी चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत आणि विचारत, "म्हंजी काय?"

त्यात कुचेष्टा नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. पण समोरच्याची पंचाईत व्हायची. तुम्हालाही असा एखादा माणूस भेटला असेल, ज्याच्यापुढे बोलताना आपलीच वाक्यं आपल्याला पोकळ वाटू लागतात.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एक नाव मी त्यांना दिलं होतं, तेवढं पुरे.

इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडे एका गावात आम्ही दोघे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. ते मूळचे पणदऱ्याचे. छप्पन साली वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा हे पाळण्यात होते. गावात बौद्ध वस्तीतच दोन खोल्यांत राहायचे. बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, इंदापूरला कॉलेजात जाणारी.

एकदा बक्षीस समारंभाला तालुक्याचे एक पुढारी आले. भाषणात म्हणाले, "मी पक्षाचा कट्टर कार्यकर्ता आहे." खाली उतरल्यावर चहा पिताना गुरुजींनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, झालं.

"कट्टर म्हंजी काय, साहेब? मत न बदलणारा का?"

"अर्थातच."

"न्हाय, तुमी तर गेल्या सालीच पक्ष बदलला, म्हणून इचारलं."

पुढारी हसले, पण कप अर्धाच ठेवून गेले.

सातवीच्या इतिहासात जहाल आणि मवाळ असा धडा होता. एका मुलीने विचारलं, "गुरुजी, जहाल म्हंजी वाईट व्हय?" त्यांनी फळ्यावर आडवी रेघ ओढली. "ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक. आता मधी कोण?" मग खडू वर धरून म्हणाले, "ज्याच्या हातात खडू हाय, तो मधी. रेघ त्यानंच मारलीया." शेजारच्या वर्गात मी पाढे घेत होतो. ते ऐकून मला हसू आलं होतं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार असेल. वस्तीपासून मसणवट्याकडे जाणारी वाट एका बागायतदाराने नांगरून टाकली आणि तिथे ऊस लावला. त्या पावसाळ्यात वस्तीतली एक म्हातारी वारली. तिची तिरडी कमरेइतक्या पाटाच्या पाण्यातून न्यावी लागली. खांदा देणाऱ्यांत गुरुजी होते. दुसऱ्या दिवशी ओल्या चपला घालूनच शाळेत आले. दुपारच्या सुट्टीत त्यांनी अर्ज लिहिला. अक्षर नेहमीसारखं, छापल्यासारखं.

तीन अर्जांना उत्तर आलं नाही. मग त्यांनी रजा टाकली आणि सात जणांना घेऊन इंदापूरला तहसील कचेरीसमोर जाऊन बसले. घोषणा नाहीत, झेंडा नाही. एक पाण्याची घागर आणि वाटेचा जुना नकाशा. चौथ्या दिवशी मोजणीचा हुकूम निघाला. वाट मोकळी झाली.

ते शाळेत परतले त्या सकाळी आम्ही सगळे फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेत होतो. वीसेक माणसं असतील. ते आत आले आणि मी मोठ्याने म्हणालो, "या, या! आमचे गुरुजी नक्षलवादी झाले की!"

हॉटेल हसलं. गुरुजीही हसले. मग चष्मा काढून मला म्हणाले, "म्हंजी काय, गुरुजी?"

मी म्हटलं, "बसा हो, चहा घ्या."

खरं सांगतो, मला अर्थ माहीत नव्हता. गडचिरोलीच्या बातम्यांत वाचलेला शब्द होता. तोंडात आला, बाहेर पडला. पण गावाला तो आवडला. ज्यांना वाट मोकळी झालेली खुपत होती त्यांना तर फारच आवडला. महिन्याभरात "नक्षल गुरुजींचा वर्ग कोणता?" असं परगावचा माणूसही विचारू लागला.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीची पुण्यात एका सरकारी कार्यालयात निवड झाली. गुरुजींनी शाळेत पेढे वाटले. त्यांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी असते. एक पोलीस शिपाई गावात आला, फाट्यावर चहा प्याला, चार माणसांना विचारलं आणि गेला.

नेमणूक अडकली. का, ते कोणी सांगेना. शेवटी गुरुजी मला घेऊन चौकीत गेले. जमादार माणूस बरा होता. त्याने फाइल उघडून आम्हाला वाचू दिलं. "वडील जहाल विचारांचे असून गावात नक्षलवादी म्हणून ओळखले जातात."

गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली. "ह्याचा अर्थ काय लावलाय तुमी?"

"अर्थ आमी लावत न्हाय, गुरुजी. लोकं म्हणत्यात ते लिवतो."

"मी कायद्यानं अर्ज केला. घटनेनं दिलाय तो हक्क."

"आसंल. पण सगळं गाव तेच म्हणतंय."

"पयल्यांदा कोण म्हणालं?"

"ते आमाला कसं ठावं?"

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तेव्हाही कळलं.

परतताना एसटीत म्हणाले, "एक लेखी द्याल का? मी तसा न्हाय म्हणून. तुमी वरच्या समाजातलं, तुमचं ऐकतील." मी हो म्हटलं. घरी बायको म्हणाली, "उद्या तुमच्याही नावापुढं तेच लागलं तर?" मुख्याध्यापकांनीही बजावलं, बदली होईल. दहा दिवस कागद माझ्या टेबलात कोरा होता. अकराव्या दिवशी लिहिला. तोवर प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला ती जागा मिळाली होती.

गुरुजींनी कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. "उपकार झाले," म्हणाले. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते कोणालाच काही विचारीनात. वर्गात एखाद्या पोराने शब्दाचा अर्थ विचारला तर म्हणत, "पुस्तकात मागं दिलाय, बघ." पुढच्या वर्षी त्यांनी मोरगावच्या बाजूला बदली मागून घेतली. त्या कोरड्या भागात कोणी मागून जात नसे. तिथेच दोन वर्षांत, निवृत्तीला बराच अवकाश असताना, वारले. मला महिन्याने कळलं.

त्यानंतर वर्षभराने बारामतीच्या स्टँडवर एका बाईने हाक मारली. गुरुजींची मुलगी. मोरगावकडे एका बालवाडीत शिकवत होती. हातात चित्रांच्या तक्त्यांची गुंडाळी.

"काका, वळखलं न्हाय व्हय?" मग थोडी थांबून म्हणाली, "तुमचा कागद आजून हाय घरी. बाबा म्हणायचे, सगळ्या गावात तुमी एकट्यांनी लिहून दिलं."

"आणखी काय म्हणायचे?" मी विचारलं.

"बाकी कुणाचं काय बोलायचेच न्हाईत."

मला तिला सांगायचं होतं. ओठ उघडले होते मी. तेवढ्यात तिची गाडी लागली आणि माणसं दाराकडे धावली. ती आत चढली, खिडकीपाशी बसली आणि गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत माझ्याकडे बघून हसत राहिली.